जुन्या खुराड्याची डागडुजी

शास्त्रभाग : लेवीय १४:३३-४८, मत्तय १२:४३-४५, मत्तय २३:३७



पवित्र शास्त्रात सिंहाची उपमा आहे, गरुडाची आहे, कोकराचीही आहे. परंतु यरुशलेमेकडे पाहून आमच्या प्रभूचे अंतःकरण कळवळले, त्या वेळी त्याने जी उपमा योजिली ती अंगणातल्या कोंबडीची होय. पिलांस पंखांखाली गोळा करू पाहणारी ती आई, आणि तिच्याकडे न येणारी ती पिले, हे चित्र ज्यांच्या दारात खुराडे आहे त्यांस मोठमोठ्या पंडितांहूनही अधिक समजते. आकाशात घार फिरू लागली म्हणजे कोंबडी कसा आवाज काढते आणि पिले कशी धाव घेतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून आज आम्ही खुराड्याविषयीच चार शब्द लिहितो. आणि तेही नव्या खुराड्याविषयी नव्हे, तर अनेक पावसाळे सोसलेल्या जुन्या लाकडी खुराड्याविषयी. पाऊस उघडला, दिवाळीच्या सुमाराचे कोरडे ऊन पडू लागले, म्हणजे या कामाचा काळ येतो.

कोणी म्हणेल, उपदेशाच्या पानावर खुराड्याची घाण कशाला? त्यास आमचे उत्तर असे की, देवाने मोशेस यज्ञवेदीचे नियम दिले तसेच घराच्या भिंतींवर पडलेल्या चट्ट्यांविषयीही दिले. ज्या देवास भिंतीचा गिलावा क्षुद्र वाटला नाही, त्यास गरीब विधवेचे खुराडेही क्षुद्र वाटणार नाही. आमच्या पुष्कळ गावी तिच्या मुलाची वही, तिच्या दिव्याचे तेल आणि उपकारस्तुतीच्या सणातले तिचे अर्पण ही त्या खुराड्यातूनच येतात. मिशनांनीही हे ओळखिले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने गावोगावच्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांकरिता चांगल्या जातीच्या कोंबड्यांचे काम चालविले. त्याच काळात त्रावणकोरातील मार्तंडम् येथे, जे गाव आज तमिळनाडूत आहे, वाय. एम. सी. ए. च्या ग्रामकेंद्राने शेतकऱ्यांस कोंबड्या नीट पाळण्यास व अंडी एकजुटीने विकण्यास शिकविले. तेव्हा या विषयात आम्हांस लाज नाही.

आता खुराडे बिघडले आहे हे प्रथम कशावरून कळते ते पाहा. ते लाकडावरून कळत नाही, कोंबड्यांवरून कळते. तिन्हीसांजा झाल्या की कोंबडी आपण होऊन आत जाते. परंतु एखाद्या वर्षी असे होते की, ती दाराशी येते, मान वाकडी करून आत पाहते, आणि मागे फिरून चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या फांदीवर जाऊन बसते. धनीण काठी घेऊन तिला हाकते, शिव्याही देते. पुढे तिचा तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, आणि मग घरात असे ठरते की ही कोंबडी आळशी झाली, हिला बाजारात न्यावी. एखाद्या रात्री रानमांजर येऊन तिला फांदीवरूनच उचलते, आणि सर्व म्हणतात की ऐकत नव्हती, तिची करणी तिला भोवली.

परंतु कोंबडी खोटी नव्हती. खुराड्यात खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असा एक किडा असतो. तो उपाशी असता करडा दिसतो आणि रक्त प्याला म्हणजे तांबडा होतो. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाही. दांडीच्या खालच्या अंगास, फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत दडून असतो. रात्री अंधार पडला की हजारांनी बाहेर येतो, झोपलेल्या पाखराचे रक्त पितो, आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा फटीत शिरतो. कोंबड्यांची जी चपटी गोचीड, तिचीही चाल अशीच आहे. म्हणून दिवसा खुराडे उघडून पाहणारा म्हणतो, येथे काही नाही. ज्यास खरे पाहावयाचे असेल त्याने रात्री दिवा घेऊन जावे आणि दांडीच्या खालून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर तांबडे डाग उठले म्हणजे कोंबडी झाडावर का बसत होती ते कळते.

बंधूंनो, आमच्या मंडळ्यांतही झाडावर जाऊन बसलेली माणसे आहेत. दोन वर्षांमागे जे कुटुंब पुढच्या ओळीत बसत होते, ते आता रविवारी शेतावर असते. उपदेशक म्हणतो, ते थंड झाले. पंच म्हणतात, त्यांस जग प्रिय झाले. कदाचित तसेच असेल. परंतु कोणी रात्रीचा दिवा घेऊन आमच्याच घराचे सांधे पाहिले आहेत काय? आम्ही सर्व दिवसा एका चटईवर बसतो, एका प्याल्यातून पितो, एकमेकांस भाऊ म्हणतो. मग लग्नाची बोलणी निघतात, आणि जी जात आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यात टाकून आलो असे सांगतो, ती फटीतून बाहेर येते. अमका मूळचा कोण, तमका कोणत्या वाड्यातला, त्यांच्या घरची मुलगी आपल्यास कशी चालेल, हे दबक्या आवाजात बोलले जाते. आणि सकाळी पुन्हा सर्व फळ्या स्वच्छ दिसतात. ज्याचे रक्त रात्री शोषले गेले तो मात्र दुसऱ्या रविवारी येत नाही. त्यास हाकण्यापूर्वी आम्ही आपली दांडी उलटून पाहावी, हे न्यायाचे होईल.

याकरिता पहिली गोष्ट ही की, खुराडे आधी रिकामे करावे. लेवीयाच्या नियमात घरधनी स्वतः याजकाकडे जाऊन सांगतो की, माझ्या घरात काहीतरी चट्ट्यासारखे दिसते. आणि याजक येण्यापूर्वी घरातले सर्व सामान बाहेर काढले जाते. कोंबड्या आत ठेवून खुराडे धुता येत नाही. गवत, घरटी, दांड्या, पाण्याचे भांडे, सर्व बाहेर उन्हात ठेवावे; जुने गवत जाळून टाकावे. जे काढता येते ते काढल्यावाचून त्याच्यामागे काय दडले आहे ते दिसत नाही. आणि हे घरधन्याने आपण होऊन करावे, शेजाऱ्याने बोट दाखवीपर्यंत थांबू नये. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आमच्या आजीआजोबांपासून चालत आली आहे. पापाच्या बाबतीत तर ती शब्दशः खरी आहे.

दुसरी गोष्ट, धुण्यापूर्वी खरवडावे. पुष्कळ लोक बाजारातून फिनेल आणतात आणि शिटेच्या थरावरच ओततात. वास सुटतो, मनाचे समाधान होते, आणि थराखालचे किडे जसेच्या तसे राहतात. कारण घाणीच्या थरावर औषधाची शक्ती तेथल्या तेथेच सरून जाते. म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे, धूळ उडू नये एवढे पाणी शिंपडावे, आणि खुरप्याने तळ, कोपरे व दांड्या लाकूड दिसेपर्यंत खरवडाव्या. मग पाण्याने धुवावे, आणि सांध्यांत उकळते पाणी ओतावे. आमच्या पुष्कळ प्रार्थना शिटेवर ओतलेल्या फिनेलासारख्या असतात. भावाशी बांधाचा तंटा तसाच आहे, उसने घेतलेले धान्य परत केलेले नाही, बायकोस मारलेल्या हाताविषयी क्षमा मागितलेली नाही. आणि त्यावर आम्ही गोड आवाजात दीर्घ प्रार्थना ओततो. मंडळीत सुगंध पसरतो. परंतु देव सुगंध पाहत नाही, थराखालचे लाकूड पाहतो. आधी बांधावर जा, आधी पायली मोजून दे, आधी घरात क्षमा माग; मग प्रार्थनेचे पाणी फटीपर्यंत पोहोचेल.

येथे आणखी एक शब्द. खरवडून काढलेली शीट म्हणजे केवळ घाण नव्हे. ती ताजी असता इतकी तीव्र असते की रोपाच्या मुळाशी टाकली तर रोप करपते. पण पालापाचोळा व माती मिसळून काही महिने कुजू दिली, तर तिच्यासारखे खत नाही. आमच्या प्रभूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला, त्यातला माळीही खणून खत घालावयास एक वर्षाची मुदत मागतो. ज्याने दारू सोडली, त्याची जुनी लाज अशीच आहे. ती खुराड्यात राहिली तर विष होय. काल सोडून आज चावडीवर गाजविली तर तीही करपविणारीच होय. पण पश्चात्तापात ती काही काळ मुरली, म्हणजे तोच मनुष्य दुसऱ्या दारुड्याच्या खांद्यावर हात ठेवून जे बोलू शकतो, ते आम्हां उपदेशकांस बोलता येत नाही.

तिसरी गोष्ट डागडुजीची. खुराडे कोरडे झाल्यावर सुतारासारखे एकेक फळी टोचून पाहावी. पटाशीचे टोक जेथे लोण्यासारखे आत जाते, तेथे लाकूड मेले आहे. बहुधा ती तळची फळी असते, कारण तिला ओल लागलेली असते. किंवा पाय असतात, कारण ते मातीत असतात व वाळवी तेथूनच चढते. अशा फळीस रंग देऊ नये. ती काढून चांगली घालावी. लेवीयाच्या नियमातही डाग पडलेले दगड उपटून गावाबाहेर टाकावयाचे, आणि त्यांच्या जागी दुसरे बसवावयाचे आहेत. त्यांवर चुना फासून ते लपवावयाची मोकळीक तेथे नाही. पायांखाली चिरे घालून खुराडे जमिनीपासून वर उचलावे, पायांस बाहेरून डांबर लावावे. दाराची कडी ढिली असेल तर बदलावी, कारण मुंगूस व घूस यांस बोटभर वाट पुरते. दांडीच्या कडा रंध्याने गोल कराव्या, आणि तिला खिळे न मारता खाचेत नुसती बसवावी. म्हणजे पुढल्या वेळी ती सहज काढून तिच्याखाली पाहता येईल.

परंतु डागडुजीच्या उत्साहात एक चूक फार होते. मनुष्य हातात हातोडी घेतो आणि दिसेल ते भोक बुजवितो. तळाशी असलेली भोके बुजवावीच. तेथून साप व उंदीर येतात आणि थंड वारा पाखरांच्या अंगावर येतो. पण छपराखाली जो झरोका असतो तोही त्याने फळी ठोकून बंद केला, तर आतली ओल व शिटेची उग्र वाफ बाहेर जाणार नाही. पाखरांचे डोळे चुरचुरतील, त्यांची छाती भरेल, आणि ज्यांस चोरापासून वाचविले ती आतल्या आत गुदमरतील. त्या झरोक्यास जाळी लावावी; फळी लावू नये. मंडळीचेही असेच आहे. मूर्तीचा प्रसाद, जुगार, निंदा, यांच्या वाटा बंद कराव्या हे योग्यच. परंतु काही बंधू एवढे ठोकीत सुटतात की शेजाऱ्याच्या दुःखात जाणे बंद, तरुणांचे प्रश्न विचारणे बंद, स्त्रियांनी सभेत तोंड उघडणे बंद. अशा घरात चोर शिरत नाही हे खरे. पण वाराही शिरत नाही. कोणते भोक शत्रूचे आणि कोणते स्वर्गातील वाऱ्याचे, हे ओळखण्याची बुद्धी आम्ही देवापाशी मागावी.

चौथी गोष्ट चुन्याची, आणि दुसऱ्या फेरीची. ताजा कळीचा चुना पाण्यात भिजवून, थंड झाल्यावर गाळून, कुंच्याने प्रत्येक फटीत घालावा, डोळे सांभाळावे. मग खुराडे उघडे ठेवून कडक उन्हात पुरते वाळवावे. शेतातली फवारणीची औषधे येथे कधी वापरू नयेत, कारण ते विष अंड्यात उतरते. औषध हवेच असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. आणि एवढे करून, बंधूंनो, काम संपले असे समजू नये. उष्ण दिवसांत त्या किड्याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांतच होते. आणि फटीत राहिलेली अंडी कोणत्याही कुंच्यास चुकवितात. म्हणून सातव्या दिवशी पुन्हा पाहावे, पुन्हा उकळते पाणी व चुना फिरवावा, आणि त्यानंतर सातव्या दिवशी आणखी एकदा. लेवीयातला याजकही घर सात दिवस बंद ठेवून सातव्या दिवशी पुन्हा पाहावयास येतो. एका संजीवन सभेत रडून सर्व काही झाले असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्या सभेतील अश्रू खरे होते, यात संशय नाही. पण पुढच्या रविवारी कोणी दिवा घेऊन पाहिले काय? देवाने आम्हांस दर सात दिवसांनी एक दिवस दिला आहे, तो नुसता अंग टेकण्यास नव्हे.

कोणी म्हणेल, इतकी दगदग कशाला? कोंबड्या दोन महिने शेजारी ठेवू, खुराडे रिकामे राहिले म्हणजे किडे आपोआप उपाशी मरतील. असे होत नाही. तो तांबडा किडा अन्नावाचून कित्येक महिने जगतो, आणि कोंबड्यांची गोचीड तर वर्षाहूनही अधिक काळ वाट पाहत बसते. रिकामेपण म्हणजे शुद्धता नव्हे. प्रभूने ज्या घराचा दाखला सांगितला ते झाडलेले होते, सुशोभितही होते. त्याचा एकच दोष होता, ते रिकामे होते, आणि म्हणून त्याची पुढची दशा पहिलीहून वाईट झाली. खुराड्यात चुना वाळला की नवे कोरडे गवत घालावे, घरटी मांडावी, बाहेर राख व कोरडी माती यांचा खळगा करावा म्हणजे पाखरे त्यात लोळून आपले अंग आपणच झाडतील. आणि मग त्यांस आत आणावे. ज्या घरातून दारू गेली तेथे संध्याकाळी भजन व मुलांचा अभ्यास आला नाही, तर ती सुनी संध्याकाळच त्या मनुष्यास पुन्हा गुत्त्याकडे नेईल. सोडणे हे अर्धे काम होय. भरणे हे दुसरे अर्धे.

एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. खुराड्याची स्वच्छता ही लसीच्या जागी नाही. कुमाऊँतील ज्या राणीखेत गावावरून त्या साथीस नाव पडले, ती साथ चुन्यास भीत नाही. तिला वेळेवर टोचलेली लसच अडविते. आणि पुष्कळ पाखरे एकाएकी मरू लागली, तर ती खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत, उघड्या हाताने उचलू नयेत. त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथम बर्ड फ्लू आढळला, आणि तेथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, हे पुष्कळांस आठवत असेल. जे रोग घरच्या खुरप्याने जात नाहीत, त्यांकरिता वैद्यास बोलाविणे यात कमीपणा नाही. आत्म्याचेही असेच आहे. आम्ही खरवडावे, धुवावे, सांधावे. पण मूळ रोग बरा करणारा वैद्य एकच आहे, आणि त्याच्या रक्तावाचून आमचा चुना व्यर्थ आहे.

आता उपदेशक बंधूंनो, तुम्हांस विशेष विनंती. या आठवड्यात ज्या विधवा बाईचे खुराडे मोडले आहे तिच्या दारी तरुणांस घेऊन जा. दोन फळ्या, थोडे खिळे आणि पायलीभर चुना एवढाच खर्च आहे. तिला बोध करण्यापूर्वी तिची दांडी बसवून द्या. आणि ते काम झाल्यावर, हात धुऊन, झाडावर जाऊन बसलेल्या त्या कुटुंबाकडे जा. त्यांस हाकावयास काठी नेऊ नका. त्यांस असे सांगा की, दादा, वहिनी, तुम्ही का येत नाही हे आम्ही विचारले नाही. आता आम्ही आपल्या घराच्या फटी पाहिल्या आहेत, तुम्हांस जेथे दुखले ते आम्हांस सांगा. मग ते जे सांगतील ते मधे न बोलता ऐका. कदाचित ते ऐकताना लाज वाटेल, पण त्यांनी दाखविलेली फट तुमच्या दिव्यास कधी सापडली नसती. त्यानंतर सात दिवसांनी पुन्हा जा.

कोंबडीचे पंख सर्व पिलांवर सारखेच पसरतात. कोणते अंडे कोणत्या घरून आणून बसविले हे ती विचारीत नाही. अशा पंखांखाली आम्हांस आश्रय मिळाला आहे. यरुशलेमेने तो नाकारिला आणि तिचे घर ओसाड पडले. आमच्या मंडळ्यांचे तसे न होवो. उद्या पहाटे खुराड्यातून कोंबडा आरवेल, तेव्हा प्रत्येकाने पेत्राचे स्मरण करावे. त्या आवाजाने तो बाहेर जाऊन रडला. परंतु प्रभूने त्यास टाकून दिले नाही, उलट आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपविली.

हे दयाळू पित्या, आमच्या अंतःकरणाच्या ज्या फटी आम्हांस दिवसा दिसत नाहीत त्या तुझ्या दिव्याने आम्हांस दाखीव. जे कुजले आहे ते काढून टाकण्याचे धैर्य दे, जे उघडे असावे ते उघडे ठेवण्याचे शहाणपण दे, आणि जे आमच्यामुळे दूर गेले त्यांस आमच्याच हाताने परत आण. आमेन.